दोन भाडेकरारांमधली फट: स्टोरेजच्या गाळ्यासह घरबदलाच्या नोंदी

१० मे

जुन्या घराचा करार ३० जूनला संपतो, नवा १६ ऑगस्टला सुरू होतो. मधले जवळजवळ सात आठवडे माणसांची सोय कुठेही होईल. प्रश्न सामानाचा आहे. ते तोवर भाड्याच्या स्टोरेज गाळ्यात ठेवायचं ठरलं.

विद्यापीठाच्या छोट्या शहरात ही फट नेहमीचीच. तिथली बहुतेक घरं शैक्षणिक वर्षाला बांधलेली असतात. करार एकाच सुमाराला सुटतात, एकाच सुमाराला लागतात आणि मधल्या दिवसांत घरमालक रंग, नळ, मोडतोड उरकून घेतात. ‘दोन आठवडे आधी किल्ली द्या’ ही विनंती इथे सहसा चालत नाही, कारण त्या दोन आठवड्यांत घरात आधीचा भाडेकरू तरी असतो नाहीतर रंगारी.

म्हणून घर किंवा गाळा शोधण्याआधी विद्यापीठाचं वेळापत्रक उतरवून घेतलं: परीक्षा संपण्याचा दिवस, पदवीदान, वसतिगृहं रिकामी करण्याची शेवटची तारीख, वसतिगृहं उघडण्याची तारीख, पहिला तास. वसतिगृहं रिकामी होतात त्या आठवड्यात लहान गाळे संपतात. ती उघडतात त्या आठवड्यात ट्रक, हमाल, इंटरनेट जोडणारा माणूस आणि रस्त्यावरची पार्किंगची जागा, सगळ्यांचीच टंचाई होते. हे दोन आठवडे वहीत लाल केले. सामान हलवण्याची एकही तारीख त्यांत येऊ द्यायची नाही.

१४ मे

गाळा जुन्या शहरात की नव्या? नव्या. एकूण चढ-उतार दोन्हीकडे सारखीच, पण लांबचा प्रवास जूनमध्ये गर्दी नसताना होऊन जातो आणि ऑगस्टमध्ये फक्त गावातल्या गावात फेरी उरते. शिवाय घराची तारीख पुढे ढकलली गेली तर सामान तरी दहा मिनिटांवर असतं. नवं घर पक्कं नसेल, तर मात्र उलट करावं. नोकरी किंवा प्रवेश हुकला, तर परक्या गावात पडलेलं सामान परत आणण्याचा खर्च फार लागतो.

आकाराचा हिशेब घनफुटात केला. गाळेवाले जमिनीचं क्षेत्रफळ सांगतात. सामान मात्र उंचीसकट बसतं. सोफा ५८, फ्रिज २२, वॉशिंग मशीन ११, गादी २०, सुटा केलेला पलंग १५, सुटं कपाट १५, जेवणाचं टेबल आणि चार खुर्च्या ३०, लिहायचं टेबल २०, पुस्तकांची दोन कपाटं ३६, दोन सायकली ३०. खोकी: दीड घनफुटाची २४, तीनची २० आणि साडेचारची ८, म्हणजे १३२. एकूण ३८९ घनफूट.

५ × १० फुटांचा गाळा आठ फूट उंच धरला तर कागदावर ४०० घनफूट भरतो, आणि इथेच लोक फसतात. सामान म्हणजे पाणी नव्हे. खुर्च्यांचे पाय, सोफ्याचे हात, छताखालची न पोचणारी जागा हे सगळं वजा जाता साठ ते सत्तर टक्केच हाती लागतं. ४०० चे २८० झाले. १० × १० मध्ये सगळं आरामात मावतं आणि मधून चालायला वाटही राहते, पण वाट हवी कोणाला? अधूनमधून वस्तू काढणाऱ्याला. इथे सामान एकदा आत आणि एकदा बाहेर. ५ × १५ घेतला: ६०० चे सत्तर टक्के ४२०. बसेल, पण रचनेत हयगय चालणार नाही.

या गावांत एक गंमत असते. विद्यार्थ्यांना लागतात ५ × ५ आणि ५ × १०, त्यामुळे ते आधी उडतात आणि मोठे गाळे उशिरापर्यंत मिळतात. संसार हलवणाऱ्याच्या ते पथ्यावरच पडतं.

२१ मे

गाळे पाहिले. पाहण्याची वेळ मुद्दाम पावसानंतरची निवडली.

आत गेल्यावर शटर पूर्ण खाली ओढायला सांगायचं आणि आतून अंधारात पाहायचं. जिथून उजेड येतो तिथून पाणी, धूळ आणि उंदीरही येतात. शटरखालची रबरी पट्टी बोटाने दाबून पाहावी. ती कडक होऊन चिरली असेल तर तिचा उपयोग संपला. भिंतीच्या तळाशी पांढरी भुकटी किंवा जमिनीपासून सारख्या उंचीवर गेलेली पुसट रेघ दिसली, तर भिंतीतून ओल झिरपते किंवा त्या गाळ्यात कधीतरी पाणी उभं राहिलेलं आहे. नाकाला कुबट वास आला तर बाकी काही तपासत बसू नये.

मापं टेपने घेतली. ५ × १५ हा आकडा भिंतींच्या मध्यापासून धरलेला असू शकतो. शटरच्या बाजूच्या पट्ट्यांमुळे तोंड आणखी आवळतं: मोकळी रुंदी ११७ सेमी, उंची २१० सेमी. सोफा १९८ सेमी लांब, म्हणजे उभा करून आत जाईल. वरच्या मजल्यावरचा गाळा असता तर लिफ्टचं दार आणि आतला कर्णही मोजावा लागला असता. तळमजल्यावरचा, थेट ट्रक लागणारा गाळा थोडा महाग पडतो, पण हमालीत ते पैसे वसूल होतात.

तापमान नियंत्रित गाळा घ्यायचा का? लाकडी वाद्यं, चामडं, जुनी कागदपत्रं, तैलचित्रं असतील तर हो. पण ‘तापमान नियंत्रित’ म्हणजे ‘आर्द्रता नियंत्रित’ नव्हे. आर्द्रता किती टक्क्यांवर ठेवता, असं थेट विचारावं. साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर हवा बराच काळ राहिली की बुरशीला आमंत्रण. या सामानात तसं नाजूक काही नाही, म्हणून साधा गाळा.

२४ मे

करार वाचला. भाड्याच्या आकड्यापेक्षा त्याच्या आजूबाजूचे शब्द महत्त्वाचे.

बिल महिन्याचं की चार आठवड्यांचं? चार आठवड्यांचं असेल तर वर्षाला बारा नव्हे, तेरा बिलं येतात. २८ जूनपासून मोजलं तर दोन फेऱ्या चार आठवड्यांच्या हिशेबाने २२ ऑगस्टला आणि महिन्याच्या हिशेबाने २७ ऑगस्टला संपतात. दोन्हीत १६ ऑगस्टनंतर थोडी सैल जागा राहते. २० जूनला गाळा घेतला असता तर दोन फेऱ्या १४ किंवा १९ ऑगस्टलाच संपल्या असत्या, आणि अर्ध्या फेरीचे पैसे बहुतेक ठिकाणी परत मिळत नाहीत. सुरुवातीची तारीख शेवटाकडून मोजत यायची ती यासाठी.

पहिल्या महिन्याची सवलत पाहून हुरळून जाऊ नये. नोंदणी शुल्क, सक्तीचा विमा, त्यांच्याकडूनच घ्यायचं कुलूप आणि सवलत संपल्यानंतरचं भाडं, सगळं मिळून पूर्ण मुदतीची बेरीज करून मगच दोन ठिकाणांची तुलना करावी. भाडं थकलं तर आधी फाटकाचा कोड बंद होतो, मग गाळ्यावर मालकाचं दुसरं कुलूप चढतं आणि शेवटी सामान लिलावात जाऊ शकतं. सामान हलवण्याच्या धामधुमीत बँकेचं कार्ड बदललं किंवा जुन्या पत्त्यावर पत्रं गेली की हे घडतं. नवा फोन नंबर आणि दुसरा एक संपर्क करारावर लिहून घेतला.

विम्यात तीन गोष्टी पाहिल्या: भरपाई नव्या वस्तूच्या किमतीने की घसारा वजा करून, स्वतः सोसायची रक्कम किती, आणि वगळलेलं काय. बुरशी, उंदीर आणि हळूहळू झिरपलेलं पाणी या गोष्टी बरेचदा वगळलेल्या असतात. काही घरगुती विम्यांत बाहेर ठेवलेलं सामानही येतं. तसं असेल तर दुसरा विमा कशाला?

८ जून

विकायचं, द्यायचं, ठेवायचं. कसोटी एकच: साठवण, विमा आणि जास्तीची हमाली यांतला त्या वस्तूचा वाटा तिच्या आजच्या विक्रीच्या किमतीपेक्षा जास्त होतो का? सात आठवड्यांसाठी बहुतेक वस्तू पास होतात. सहा महिने असते तर पुस्तकांचं एक कपाट आणि लिहायचं टेबल नक्की गेलं असतं.

सोफा नव्या घरात शिरतो का, हे आजच तपासलं. दार ८० सेमी, सोफ्याची खोली ९२. पाठीच्या वरच्या कडेपासून हाताच्या पुढच्या कडेपर्यंत सरळ पट्टी धरायची आणि मागच्या खालच्या कोपऱ्यापासून त्या पट्टीपर्यंतचं काटकोनातलं अंतर मोजायचं. ते ७४ सेमी निघालं, म्हणजे उभा करून वळवत आत जाईल. दाराआधीची बोळाची रुंदीही घरमालकाकडून मागवली. ती अडचणीची असली, तर दार मोठं असूनही सोफा बाहेरच राहतो.

१२ जून

पुस्तकं. एक मीटर फळीवर सरासरी २५ किलो धरली. दोन कपाटांत मिळून ११ मीटर, म्हणजे २७५ किलो. एका खोक्यात १८ किलोच्या वर नाही, म्हणजे पंधरा-सोळा खोकी. दीड घनफुटाचं लहान खोकंही पुस्तकांनी काठोकाठ भरलं तर २५ किलोच्या वर जातं. म्हणून दोन तृतीयांश पुस्तकं आणि वर टॉवेल, चादरी. पुस्तकं उभी, कणा बाजूला. किंवा आडवी. तिरकी कधीच नाही, कणा मोडतो.

टेप ४८ मिमी रुंदीचा. मधल्या सांध्यावर एक आणि दोन्ही कडांवर एकेक पट्टी. नुसत्या मधल्या पट्टीवर उचललेलं खोकं तळातून उघडतं, आणि तेही नेमकं जिन्यात. खोकं अर्धवट रिकामं ठेवू नये. वरच्या खोक्याचं वजन खालच्याच्या कडा पेलतात. आत पोकळी असेल तर झाकण दबतं, रास कलते.

ताटल्या उभ्या लावल्या, एकीवर एक नाही. प्रत्येक खोक्याच्या दोन बाजूंवर आकडा लिहिला, वर नाही. रचल्यावर वरची बाजू दिसत नाही. आत काय आहे ते फक्त वहीत. बाहेर ‘लॅपटॉप’ असं लिहून चोराचं काम सोपं कशाला करायचं? महाग वस्तूंचे अनुक्रमांकांसह फोटो काढले.

१८ जून

कपाट आणि पलंग सुटे केले. पार्टिकल बोर्डाचं कपाट मिनीफिक्सवर उभं असतं: एका फळीत स्टीलची दांडी आणि दुसऱ्या फळीत तिचं डोकं पकडणारी गोल चकती. चकती अर्धा वळसा उलट फिरवली की दांडी सुटते. घाईत फळी ओढली तर दांडी बोर्डाचा भुगा घेऊन बाहेर येते आणि ते भोक पुन्हा स्क्रू धरत नाही. अशी दोन भोकं आधीपासूनच सैल होती. त्यांत फेव्हिकॉल लावून लाकडी खुंटी ठोकली, वाळल्यावर बारीक ड्रिलने नवं भोक पाडलं.

मागची पातळ फळी आधी काढायची, पण कपाट आडवं झोपवल्यावरच. उभ्या कपाटाला तिरकं होऊ न देणारी तीच असते. प्रत्येक सांध्याला मास्किंग टेपचा तुकडा आणि दोन्ही बाजूंना एकच आकडा. स्क्रू पिशवीत घालून पिशवी त्याच फळीला चिकटवली. ॲलन की आणि पाने मात्र वेगळ्या डब्यात, आणि तो डबा सगळ्यात शेवटी गाळ्यात जाईल.

२६ जून

फ्रिज आधीच बंद करून बर्फ वितळवला, मागचा पाण्याचा ट्रे रिकामा केला, आतून कोरडा पुसून दार दिवसभर उघडं ठेवलं. प्रवासात दार टेपने बंद, गाळ्यात मात्र कापडाचा बोळा घालून किंचित उघडं. बंद ठेवला तर सात आठवड्यांनी आत काळी बुरशी नक्की. फ्रिज उभाच न्यायचा. आडवा करावाच लागला तर उभा केल्यावर चोवीस तास तरी चालू करू नये. कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत गेलेलं असतं, ते परत यायला वेळ लागतो.

वॉशिंग मशीन पुढून उघडणारं. खालचा फिल्टर उघडला की राहिलेलं पाणी बाहेर येतं. खाली पसरट भांडं ठेवलेलं बरं. मागच्या बाजूने ड्रमचे वाहतुकीचे बोल्ट बसवले. ते नसले तर ट्रकच्या हादऱ्यांनी स्प्रिंग आणि बेअरिंगची वाट लागते. नव्या घरी पहिल्यांदा चालवण्याआधी हे बोल्ट काढायचे, ही चिठ्ठी मशीनच्या दारावरच चिकटवली.

रिमोट आणि घड्याळांतले सेल काढले. पॉवर बँक, सायकलच्या दिव्याची लिथियम बॅटरी, स्पिरिट, थिनर, गॅसचं डबडं गाळ्यात जाणार नाही, आणि खाण्याचं तर काहीच नाही. उघडलेल्या बिस्किटांच्या एका पुड्याने उंदरांना पत्ता मिळतो.

२७ जून

ट्रकचा डबा १४ × ६.५ × ६.५ फूट, सुमारे ५९० घनफूट. जड सामान केबिनच्या भिंतीला टेकवून खाली, डाव्या-उजव्या बाजूला वजन सारखं. प्रत्येक मीटरभर रास झाली की आडवा पट्टा. टीव्ही उभाच, गादी आणि सोफ्याच्या मध्ये.

गाळ्यात जे सगळ्यात आत जाणार ते ट्रकमधून आधी उतरायला हवं, म्हणजे ट्रकमध्ये ते शेवटी भरायला हवं. पण गाळ्यात आत जाणारं सामान जड, आणि ट्रकमध्ये जड सामान आधी भरावं लागतं. दोन्ही एकदम साधत नाही. गाळ्यासमोर जागा असेल तर सगळं बाहेर उतरवून मग रचावं. तशी जागा इथे होती, म्हणून ट्रक वजनाच्या हिशेबाने भरला.

२८ जून

जमिनीवर जाड प्लास्टिक, त्यावर १२० × १०० सेमीचे चार पॅलेट, म्हणजे सामान जमिनीपासून उचलून धरणारे पाट. गाळ्याची रुंदी दीड मीटर, म्हणजे बाजूला ३० सेमीची पट्टी उरली. त्यातले काही सेंटिमीटर भिंतीपासून हवेसाठी सोडले आणि उरलेल्या पट्टीत पलंगाच्या आणि कपाटाच्या फळ्या कडेवर उभ्या केल्या, खाली लाकडी पट्ट्या ठेवून.

पॅलेट शोभेचे नाहीत. बाहेरची हवा ३० अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर तिचा दवबिंदू साधारण २४ अंश. गाळ्याची काँक्रीटची जमीन २४ च्या खाली असली की हवेतलं पाणी तिच्यावर उतरतं, छत गळत नसतानाही. लोक ज्याला ‘गळती’ म्हणतात ती कित्येकदा हीच असते. खोकं थेट जमिनीवर असेल तर पुठ्ठा ते पाणी शोषतो, खालची कड मऊ पडते आणि पूर्ण रास बसते.

ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या गाळ्यात टाकणं म्हणजे स्वतःची समजूत काढणं. ६०० घनफूट म्हणजे १७ घनमीटर हवा. ३० अंशांना ७० टक्के आर्द्रतेत तिच्यात सुमारे ३६० ग्रॅम पाणी असतं, आणि हवा सतत बदलत असते. तळहाताएवढ्या पुडीला ते कसं झेपणार? बंद पिशवीतल्या कॅमेऱ्यासाठी मात्र ती उत्तम.

रचना: सगळ्यात आत फ्रिज, वॉशिंग मशीन आणि उभा सोफा. मग पुस्तकांची खोकी खाली, मध्यम खोकी वर, पाच थरांच्या पुढे नाही. पुस्तकांच्या कपाटांत हलकी खोकी भरली, तेवढीच जागा वाचली. गादी फोमची, म्हणून सपाट, सगळ्यात वर, सुती चादरीत गुंडाळून. हवाबंद प्लास्टिकमध्ये अडकलेला ओलावा आतच कुजतो. सोफ्यावरही जुनी चादर. छताला स्प्रिंकलर (आग विझवणारा पाण्याचा फवारा) असेल तर त्याखाली ४५ सेमी मोकळं ठेवावं. दाराशी हत्यारांचा डबा, अंथरूण, झाडू आणि पहिल्या रात्रीचं खोकं.

कुलूप गोल डिस्कचं. त्याची कडी जवळजवळ पूर्ण झाकलेली असते, कटरला पकड मिळत नाही. कडी कोयंड्यात बसली का, हे दोनदा ओढून पाहिलं.

२० जुलै

मधली तपासणी. आर्द्रतामापक ६३ टक्के. अगदी मर्यादेच्या काठावर. कोरड्या दुपारी शटर तासभर उघडं ठेवलं; पावसाळी सकाळी हेच केलं तर उलटा परिणाम होतो. शटरच्या कोपऱ्यातल्या फटीत उंदरांसाठी स्टील वूल (बारीक तारांचा बोळा) कोंबलं. लेंड्या नाहीत, वास नाही.

५ ऑगस्ट

नव्या घराची वीज, पाणी, इंटरनेट यांची मागणी आजच नोंदवली. वसतिगृहं उघडल्यावर इंटरनेट जोडणीला दोन-तीन आठवडे लागू शकतात. खोलीगणिक करार की पूर्ण घराचा, हे पुन्हा तपासलं. संयुक्त जबाबदारीचा करार असेल तर एका भाडेकरूने पैसे बुडवले की बाकीच्यांकडून वसुली होते, आणि विद्यार्थ्यांच्या गावात असे करार सर्रास असतात.

१६ ऑगस्ट

किल्ली मिळाली. सामान आज आणायचं नाही. रिकाम्या घराचे फोटो काढले: भिंतीवरचे डाग, खिडक्यांच्या कड्या, मोरीचा निचरा, गॅसची शेगडी. खोकी एकदा भिंतीला लागली की त्यामागचा डाग कोणाचा, हा वाद डिपॉझिट परत घेताना होतो. फोटो त्याच दिवशी घरमालकाला पाठवले, म्हणजे तारीख आपोआप नोंदली गेली.

फुटपाथवर सोडलेल्या सोफे-गाद्यांची इथे आता रांग लागेल. लाकडी टेबल, लोखंडी रॅक खुशाल घ्यावं. कापडाचं काही नाही. शिवणींत काळे ठिपके दिसले तर ढेकूण. घरात आधीच आलेले कपडे संशयास्पद वाटले तर ड्रायरमध्ये जास्त उष्णतेवर अर्धा तास.

१८ ऑगस्ट

गाळा रिकामा केला. आधी पलंग जोडला, मग बाकीची खोकी. सगळं वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहिलं. एका खोक्याची खालची कड ओलसर निघाली. ते पॅलेटच्या बाहेर सरकून भिंतीला टेकलेलं होतं. आत भांडी होती, नुकसान नाही.

गाळा झाडला, रिकाम्या गाळ्याचे फोटो काढले आणि कुलूप काढून नेलं. कुलूप तसंच राहिलं तर कार्यालयाच्या लेखी गाळा वापरात असतो आणि पुढचं बिल लागतं. सोडल्याची लेखी पोच घेतली आणि ती हाती आल्यावरच बँकेची आपोआप वजावट बंद केली. आधी बंद केली तर शेवटची फेरी थकबाकीत जाते.

८ सप्टेंबर

कपाटाच्या मिनीफिक्स चकत्या पुन्हा आवळल्या. जोडल्यावर दोन-तीन आठवड्यांत बोर्ड नव्या हवेला सरावतो आणि सांधे थोडे सैल पडतात. खुंटी ठोकलेली दोन्ही भोकं घट्ट आहेत.